पालथी बशी

चाळीस पेन्सला मिळाली ही बशी,
लाँग्टनच्या धर्मादाय दुकानात,
कपाशिवाय. एकटी.
वरून अगदी शहाणी. कडेनं गुलाब,
प्रत्येकाला पाच पाकळ्या, पानाला तीन फटकारे,
जणू शाळेतून रांगेनं सोडलेली मुलं.

किंमत बघायला पालथी केली
तर तळाशी, कारखान्याच्या शिक्क्याशेजारी,
माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी
एक बाई जांभई देत होती.

गल्ल्यावरची मॉरीन म्हणाली, ही डॉर्कस ब्लूरची.
माझ्या आईच्या बाकावर बसायची.
मॉरीननं सांगितलं ते थोडंच.
उरलेलं मी भरलंय,
कुठे कुठे, ते आता मलाही सांगता येणार नाही.

साल एकोणीसशे एकतीस. गावभर भट्ट्या,
पोट सुटलेल्या बाटल्यांसारख्या,
धूर इतका की सकाळी वाळत घातलेली चादर
संध्याकाळी पुन्हा धुवायला.
नमुन्याच्या वहीत गुलाब, बाकावर गुलाब,
डझनावर मजुरी, एक चुकला की डझन गेलं.
बाईनं सही करायची नाही. ठिपका चालेल.
मुकादम प्लँट म्हणायचा,
"लोक चहा पितात, पोरी.
त्यांना विचार करायला लावू नकोस."

डॉर्कसनं गुलाब कधीच चुकवला नाही.
तिचे गुलाब सगळ्यांत सरळ.
ठिपक्याच्या जागी मात्र
आधी ती जांभई. मग शिशाच्या झिलईत
भांडी बुडवून बुडवून मनगटं लुळी पडलेली नेली.
मग प्रार्थनामंदिरात पहिल्या रांगेत घोरणारा मालक,
आणि बाकाखाली, त्याच्या उलट्या हॅटमध्ये
निजलेलं मांजर.

बशी पालथी कोण घालतं, वर चहाचा कप असताना?
पाद्र्याच्या घरी, वकिलाच्या घरी,
मालकाच्याच मुलीच्या रुखवतात
मांडली गेली ती सगळी मंडळी,
गुलाब वर करून.

वाचलं ते भांडी विसळणाऱ्या मुलींनी.
आपल्याकडे म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी,
म्हणजे वाया गेलं.
इथे पालथ्या बशीवरच पाणी पडलं
आणि मोरीत कुणीतरी
एकटंच हसलं.

मॉरीन म्हणते, बक्स्टनहून एक मोलकरीण
अर्ध्या दिवसाच्या रजेत, दोन गाड्या बदलून,
कारखान्याच्या फाटकाशी आली.
जो समोर दिसला त्याला विचारलं,
मांजराचं पुढे काय झालं?
समोर प्लँट होता.
कुठलं मांजर, म्हणाला तो.

त्या शुक्रवारी डॉर्कसचा हिशेब झाला.

पुढचं मॉरीनला ठाऊक नाही.
कुणी म्हणे क्रूला गेली, कुणी म्हणे लग्न केलं,
जणू ही दोन्ही एकाच रोगाची नावं.

मी मंडळाच्या पाडवा अंकाला
नऊ वर्षं कविता देते.
संपादक फोनवर म्हणतात, "वहिनी, काहीतरी प्रसन्न."
नऊ वर्षं पाच पाकळ्या दिल्या, तीन फटकारे.
यंदाचीही तयार होती. गुढी, कडुलिंब,
साखरेची गाठी, यमकं चोख.
इथल्या मार्चमध्ये गुढी वाऱ्यानं शेजारणीच्या कुंपणात गेली होती,
तिनं पोलिसाला बोलावलं होतं, आणि आम्ही
चारचौघांत माफी मागून हसलो होतो,
ते कुठल्याच वर्षी आलं नाही.

काल रात्री बशी ओट्यावर पालथीच होती.
पाणी उकळून गेलं.
गुढीवरचा तांब्यासुद्धा पालथा असतो,
हे नऊ वर्षांत ध्यानात आलं नव्हतं.
आत काय, कुणी विचारत नाही.

चौथ्या ओळीत, त्या तांब्यात,
मी एक मांजर निजवलं.
यमक मोडलं. मोडू दे.

अंक पाठवून झाला.
संपादकांचा फोन अजून यायचाय.